तास भरले, पण माणूस भरला नाही! तालुक्याच्या कॉलेजात कामाची वाटणी नेमकी कशी होते?

प्राध्यापकांच्या कामाचं वाटप हा कॉलेजच्या आतला मामला वाटतो. पण वाटप चुकलं की रिकामा वर्ग आपल्या पोरांच्या वाट्याला येतो

पोरगी सकाळच्या एसटीनं तालुक्याच्या कॉलेजला जाते. दुपारी घरी येऊन सांगते, "आज दोनच तास झाले. सर नॅकच्या कामात होते, मॅडम परीक्षेच्या कामात." गावोगावी पालकांच्या तोंडून ही तक्रार ऐकायला मिळते. मग पारावर चर्चा होते की प्राध्यापकांना पगार भरपूर आणि काम काहीच नाही. दुसरीकडे कॉलेजातल्या कुठल्याही सर-मॅडमला विचारलं तर ते म्हणतात, श्वास घ्यायला वेळ नाही.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कारण प्रश्न एकूण काम किती आहे एवढाच नाही, तर ते कुणाच्या अंगावर पडतं आणि त्याची नोंद कुठे होते हा आहे. नियम काय सांगतो आणि प्रत्यक्षात काय होतं, ते नीट पाहू.

नियम काय म्हणतो?

विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसी. तिच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पूर्णवेळ प्राध्यापकाचं काम आठवड्याला किमान ४० तास आणि वर्षात ३० आठवडे, म्हणजे शिकवण्याचे १८० दिवस. या ४० तासांपैकी प्रत्यक्ष वर्गावर शिकवायचे तास सहायक प्राध्यापकाला १६ आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४.

इथे बऱ्याच लोकांचा गैरसमज होतो. "आठवड्याला १६ तासच? आमच्या शाळेतले गुरुजी तर रोज पाच-सहा तास शिकवतात." पण ४० मधून १६ वजा केले तर २४ तास उरतात. हे २४ तास सुट्टीचे नाहीत. तासाची तयारी, पेपर काढणं, पेपर तपासणं, प्रवेशाचं काम, एनएसएस, संशोधन, अडलेल्या पोराला समजावून सांगणं, वेगवेगळ्या समित्या, हे सगळं त्यात येतं.

१६ तासांचं वेळापत्रक भिंतीवर लागतं. कोण कुठल्या वर्गावर, किती वाजता, हे कुणीही वाचू शकतं. उरलेल्या २४ तासांचं वेळापत्रक मात्र सहसा कुठेच लागत नाही. वाटणीतली बरीचशी गडबड या न लागलेल्या वेळापत्रकात होते.

साधं गणित: दोन माणसं आणि ९६ तास

समजा, तालुक्याच्या एका अनुदानित कॉलेजात एका विषयाला चार पदं मंजूर आहेत. चौघांचे मिळून आठवड्याला शिकवायचे ६४ तास. त्यातली दोन पदं भरलेली, दोन रिकामी. भरलेल्या दोघांनी ३२ तास घेतले. राहिलेले ३२ तास तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या, शिक्षकांना वाटून दिले. कागदावर सगळं जुळलं. ६४ पैकी ६४ तास भरले.

आता न दिसणारं काम बघा. चार पूर्णवेळ माणसांकडून प्रत्येकी २४ याप्रमाणे आठवड्याला ९६ तासांचं इतर काम होणं अपेक्षित होतं. माणसं दोनच, म्हणजे त्यांच्याकडे ४८ तास. उरलेल्या ४८ तासांचं काय? सीएचबीच्या शिक्षकाला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. पेपर तपासणी, समिती, शिबिर, फाईल हे त्याच्या तासांत बसत नाही.

मग तीनपैकी एक गोष्ट होते. पहिली, दोघं कायम प्राध्यापक चौघांचं काम ओढतात आणि त्यासाठी वर्ग सोडतात. दुसरी, सीएचबीचे सर-मॅडम ते काम फुकट करतात. तिसरी, काम होतच नाही, फक्त कागद रंगतो. बहुतेक ठिकाणी तिन्ही थोडं थोडं होतं.

म्हणून "आमच्याकडे सगळे तास भरलेत" असं कॉलेजनं सांगितलं तरी ते उत्तर अर्धंच असतं. तास भरला म्हणजे माणूस भरला असं होत नाही.

पदं रिकामी का, याचा इतिहासही मोठा आहे. राज्य सरकारनं २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरायला मान्यता दिली होती. त्यातली १,४९२ भरली, मग कोरोना आला आणि भरती थांबली. राहिलेल्या २,०८८ पदांना २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. दरम्यान दर वर्षी कोण ना कोण निवृत्त होतच राहिलं. शहरातलं मोठं कॉलेज यातून कसंतरी निभावून नेतं, कारण तिथे एका विषयाला माणसं जास्त. तालुक्याच्या कॉलेजात एका विषयाला कधी कधी एकच माणूस. तो निवृत्त झाला की विभागच सीएचबीवर.

कामं वाढली, मोजणी तीच राहिली

गेल्या काही वर्षांत प्राध्यापकांच्या कामाचे प्रकार वाढलेत. आपल्याला गावात दिसणारं एक उदाहरण घ्या. हिवाळ्यात एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर गावात येतं. पोरं श्रमदान करतात, रात्री पथनाट्य होतं. सोबत जे सर किंवा मॅडम असतात ते कार्यक्रम अधिकारी. एका युनिटला १०० स्वयंसेवक आणि प्रत्येकाचे वर्षाला १२० तास भरायचे. शिबिर सात दिवसांचं दिसतं, पण त्याची नोंद, हिशेब, पालकांची संमती, अहवाल हे वर्षभर चालतं.

त्यात नवं शैक्षणिक धोरण आलं. महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत ते २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. मुख्य विषयासोबत ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञान परंपरा, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग आलं. पोरांसाठी यात चांगल्या गोष्टी आहेत. पण फील्ड प्रोजेक्टला पन्नास पोरं असतील तर पन्नास पोरांना विषय सुचवणं, त्यांच्यासोबत फिरणं, अहवाल वाचणं हे कुणीतरी करायला हवं. हे काम वर्गातल्या तासासारखं चटकन डोळ्यात भरत नाही.

परीक्षेचं तर विचारूच नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे परीक्षेच्या कामात मदत करणं प्रत्येक शिक्षकावर बंधनकारक आहे. निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लावायचा, असंही हाच कायदा सांगतो. तपासणारे हात कमी आणि गठ्ठे तेवढेच असले की कुणाच्या टेबलावर डोंगर होतो आणि कुणी तपासणी केंद्रावर फिरकतच नाही. निकाल लांबला की पुढचा प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरीचा अर्ज सगळं अडतं. ते नुकसान आपल्या पोरांचं.

आणि निवडणूक. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ प्रमाणे विद्यापीठं आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांचे कर्मचारी निवडणुकीच्या कामाला घेता येतात. शाळांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये सांगितलं की शिक्षकांना शक्यतो सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशीच हे काम द्यावं. लोकशाहीसाठी हे काम गरजेचं आहे, त्यात वाद नाही. पण चार जणांच्या विभागातले दोघं प्रशिक्षणाला गेले तर त्या दिवसाचे तास कुणी घ्यायचे, हे आधी ठरलेलं असायला हवं ना?

"नाही" म्हणता येत नाही, त्याच्यावर ओझं

ठरलेली पद्धत नसली की काम कुणाकडे जातं? बहुतेक वेळा ज्याला नकार देणं परवडत नाही त्याच्याकडे.

पहिला नंबर सीएचबीवाल्यांचा. त्यांची नेमणूक ठरावीक मुदतीची. पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायचं की नाही हे कॉलेजच्या हातात. मग मे-जूनमध्ये "गावात जाऊन ॲडमिशन आणा" म्हटलं की कोण नाही म्हणणार? आपल्या दारात बारावीच्या पोराचं नाव विचारत जे सर येतात, त्यांना त्या फेरीचे पैसे मिळतात का, हे एकदा त्यांनाच विचारून बघा. पेट्रोल तरी मिळतं का तेही विचारा.

यूजीसीनं २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी लेक्चरला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी मर्यादा सांगितली. पण हा हिशेबही लेक्चरचाच आहे, इतर कामाचा नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं गुजरातमधल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाजूनं निकाल दिला. कायम प्राध्यापकांसारखंच काम करत असतील तर त्यांना किमान वेतनश्रेणी मिळायला हवी, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या सीएचबी शिक्षकांचा प्रश्न त्या खटल्यात नव्हता. तरी काम सारखं असेल तर मोल इतकं वेगळं का, हा सवाल तोच आहे.

दुसरा नंबर नव्यानं लागलेल्यांचा आणि तिसरा महिला प्राध्यापकांचा. स्वागताची तयारी, रांगोळी, सूत्रसंचालन, अहवाल लिहिणं, महिला कक्ष ही कामं "मॅडम छान करतात" म्हणून त्यांच्याकडे जातात. अमेरिकेत पिट्सबर्ग आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांतल्या चार संशोधक महिलांनी यावर प्रयोग केले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. ज्या कामानं बढतीत फायदा होत नाही, असं काम स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटात अंगावर घ्यायला स्त्रिया पुरुषांच्या सुमारे दीडपट वेळा पुढे आल्या. गंमत अशी की फक्त पुरुषांचा गट केला तर पुरुषही तेवढेच पुढे येत होते. म्हणजे हा स्वभावाचा भाग नाही. "ती करेलच" ही सगळ्यांची अपेक्षा असते आणि कामही तिच्याकडेच सरकतं.

म्हणूनच मीटिंगमध्ये "कोण घेतंय हे काम?" असं विचारणं वरवर मोकळेपणाचं वाटलं, तरी त्यातून वाटणी सरळ होत नाही. काम पाळीनं द्यावं, नाहीतर चिठ्ठी टाकावी.

बढतीचा नियमही तास मोजत नाही

वाटणी बिघडण्याचं एक कारण बढतीच्या पद्धतीतच आहे. २०१८ च्या नियमावलीत दोन गोष्टी मुख्य पाहतात. पहिली, ठरवून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले. ८० टक्के किंवा जास्त असतील तर शेरा "चांगला". दुसरी, इतर कामांत सहभाग. प्रशासकीय जबाबदारी, परीक्षेचं काम, एनएसएस-एनसीसीसारखे उपक्रम, परिसंवाद भरवणं, पीएच.डी.चं मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प, लेख असे प्रकार दिलेत. त्यातले किमान तीन केले की "चांगला".

इथे प्रकार मोजले जातात, तास नाही. एकानं वर्षभर परीक्षा विभाग ओढला आणि दुसऱ्यानं दोन दिवस पेपर तपासले, तरी दोघांचा त्या रकान्यातला प्रकार एकच. मग हुशार माणूस काय करतो? तीन हलकी कामं घेतो, रकाने भरतो आणि मोकळा होतो. जड काम ज्याच्या गळ्यात पडलं तो तिथेच अडकतो. त्याचा संशोधनाचा वेळ जातो आणि कधी कधी वर्गावरचा तासही जातो.

प्राचार्यांची बाजूही ऐकायला हवी

सगळा दोष प्राचार्यांवर टाकणं बरोबर नाही. कित्येक ठिकाणी प्राचार्यच प्रभारी असतात, स्वतः तासही घेतात. काम वेळेत नाही झालं तर विद्यापीठाची नोटीस त्यांच्या नावानं येते. अशा वेळी जो माणूस काम चोख करतो त्यालाच ते पुन्हा देणं सोपं पडतं. "करणाऱ्यालाच काम आणि न करणाऱ्याला आराम" ही म्हण झाली ती त्यातूनच. शिवाय ज्याला कॉम्प्युटर येत नाही त्याला ऑनलाईन माहिती भरायला बसवलं तर चुका होणार, हेही खरं.

पण यावर उपाय आहे. जड काम चांगलं करणाऱ्यालाच द्यायचं असेल तर त्याचं दुसरं काम कमी करा. आणि त्याच्या हाताखाली एकाला शिकायला ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी काम दुसऱ्याकडे जाऊ शकेल. समान वाटणी म्हणजे सगळ्यांना एकसारखं काम असं नाही. कामाचं एकूण वजन सारखं असलं की झालं.

दुसरीकडे काय करतात?

इंग्लंडमध्ये १९९२ नंतर विद्यापीठ झालेल्या संस्थांच्या करारात शिकवण्याचे तास आठवड्याला जास्तीत जास्त १८ आणि वर्षाला ५५० असे बांधलेले आहेत. तिथल्या अनेक विद्यापीठांत प्रत्येक प्राध्यापकाचा वर्षाचा हिशेब तासांत मांडतात. शिकवणं इतके तास, त्याची तयारी इतके, पेपर तपासणी विद्यार्थ्यांमागे इतके मिनिटं, विभागप्रमुखपद इतके तास. बेरीज जास्त झाली तर काहीतरी कमी करायचं.

तिथेही सगळं आलबेल नाही. एका पेपरला तपासायला धरलेला वेळ फारच कमी आहे, अशी ओरड तिथले प्राध्यापक करतात. खुर्चीत बसून कुणीतरी आकडा ठरवला की असं होतं. त्यामुळे आकडे ठरवताना ते काम करणाऱ्यांना सोबत घ्यायला हवं. तरीही एक फायदा राहतोच. आकडा समोर असला की त्यावर भांडता येतं. आकडाच नसला तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं.

मग नीट वाटणीला लागतं तरी काय?

फार मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. एक मोठा तक्ता पुरतो. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक शिक्षकाचं नाव, वर्गाचे तास आणि बाकीची सगळी कामं अंदाजे तासांसह लिहायची. सीएचबीवाल्यांची नावंही त्यात हवीत.

तो तक्ता स्टाफरूममध्ये लावायचा. कुणाची बेरीज किती हे सगळ्यांना दिसलं की निम्मी कुरबूर तिथेच मिटते, आणि उरलेली निम्मी खरी असते. परीक्षा, नॅक, एनएसएस अशी जड कामं दोन-तीन वर्षांच्या पाळीनं फिरवायची. सीएचबीच्या शिक्षकाला तासाबाहेरचं काम सांगायचं असेल तर त्याचे पैसे ठरवूनच सांगायचं, नाहीतर सांगायचंच नाही. कुणी कामासाठी बाहेर जाणार असेल तर त्याचा तास कोण घेणार हे आदल्या दिवशीच फळ्यावर लिहायचं.

यातलं बहुतेक करायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. सीएचबीच्या जादा कामाचे पैसे आणि रिकामी पदं भरणं हे मात्र सरकारच्या हातात आहे. त्यासाठी आमदारांना जाब विचारायलाच हवा. नुसता तक्ता लावून दोन माणसांची चार माणसं होणार नाहीत.

गावकऱ्यांच्या हातात काय आहे?

आपल्याला वाटतं तेवढे आपण बाहेरचे नाही. २०१६ च्या कायद्याप्रमाणे कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात संस्थाचालक आणि प्राचार्यांसोबत निवडून आलेले तीन शिक्षक असतात, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष-सचिव असतात आणि चार स्थानिक सदस्यही असतात. त्या चौघांत किमान एक माजी विद्यार्थी हवा. वर्षाला किमान चार बैठका व्हायला हव्यात. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात हे चौघे कोण, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? आधी ती नावं विचारा आणि मग त्यांना गाठा.

विचारायचे प्रश्न हे:

- कोणत्या विषयाला किती पदं मंजूर, किती भरलेली, किती रिकामी?
- सीएचबीचे शिक्षक या वर्षी कोणत्या तारखेला रुजू झाले? कॉलेज सुरू होऊन किती दिवस वर्ग रिकामे राहिले?
- तासाशिवायच्या कामांची वाटप यादी आहे का? ती कुठे लावली आहे?
- मागच्या सत्रात ठरलेल्या तासांपैकी विषयवार प्रत्यक्ष किती तास झाले?
- शिक्षक दुसऱ्या कामाला गेले तर बदली तासाची सोय काय?

तोंडी उत्तर मिळालं नाही तर अनुदानित कॉलेजला माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून साधा अर्ज करायचा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. अर्जात कुणा एका सर-मॅडमचं नाव घेऊन भांडण काढू नका, विषयवार आकडे मागा. एका माणसाला धारेवर धरलं तर तो गप्प होतो आणि वाटणी आहे तशीच राहते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पोरगी सांगते की सर वर्गावर आले नाहीत, तेव्हा सर आळशी असतील असं धरून चालू नका. ते कुठे होते, त्यांना तिथे कुणी पाठवलं आणि त्यांच्या जागी कोण यायला हवं होतं, हे तीन प्रश्न विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर देतील. पुढच्या दोन प्रश्नांचं उत्तर कॉलेजनं आणि सरकारनं द्यायचं आहे.